काळोखातली आगगाडी

भर दुपारी जुन्या आगगाडीच्या डब्याचा फोटो काढला, की मला त्यात पत्रा आणि गंजच दिसतो. अमेरिकन छायाचित्रकार विन्स्टन लिंक यांनी रात्र निवडली. जुन्या हेरपटासारख्या त्या काळोखात उजेड त्यांच्या हुकमात होता. १९५५ ते १९६० दरम्यान त्यांनी नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या शेवटच्या वाफेच्या गाड्या टिपल्या. फ्लॅशचे बल्ब एकदाच पेटून जळायचे. गाडी गेली की संधी गेली!

१९५६ च्या एका छायाचित्रात मोटारीत बसून सिनेमा पाहणारे जोडपे, पडद्यावर विमान आणि पलीकडून धावणारी मालगाडी आहे. फ्लॅशच्या झोतात पडदा पांढराफटक पडला, म्हणून विमान नंतर डार्करूममध्ये बसवले. बँकेत मी खाडाखोड कधी खपवून घेतली नाही. ही मात्र बेलाशक मंजूर. गाडी तर खरी होती, आणि १९६० मध्ये तिथली वाफेची इंजिने थांबली.