जुनी गिटार घेताय? आधी पारखून घ्या!

परीक्षा संपल्या की मुलांना छंद आठवतात. पूर्वी पेटी-तबल्याच्या क्लासवर भागायचं. आता जळगाव-धुळ्याकडची मुलंही इलेक्ट्रिक गिटार मागतात. नवी परवडत नाही, म्हणून मोबाइलवर जुनी शोधली जाते. पैसे असतात भिशीतले, नाहीतर मुलानं वाढदिवसापासून साठवलेले. ते बुडाले की मुलाचा हुरूपही जातो बरं का!

मैत्रिणींनो, आपल्याला गिटार वाजवता येत नसेल, पण पारख येते. सराफाकडे आपण शिक्का पाहतो, वजन पाहतो, घडणावळ वेगळी काढतो, पावती मागतो. इथंही तेच करायचं.

नाव नीट वाचा

गिब्सन आणि फेंडर या अमेरिकेतल्या नामांकित कंपन्या. गिब्सनच्याच मालकीची एपिफोन आणि फेंडरची स्क्वायर ही स्वस्तातली भावंडं. ती नकली नव्हेत, पण त्यांना थोरल्या भावाची किंमत द्यायची नाही. आपल्याकडे कोलकात्याची गिव्हसन म्हणूनही गिटार मिळते. शिकाऊ मुलाला ती चालेल. मात्र घाईत ‘गिव्हसन’चं ‘गिब्सन’ वाचू नका!

नंबर पाहा, पण त्यावरच विसंबू नका

१९७७ नंतरच्या बहुतेक गिब्सन गिटारींच्या डोक्यामागे नंबर दाबून उमटवलेला असतो. आठ आकडी नंबर असेल तर पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल निघतं. पहिला ८ आणि पाचवा ५ असेल तर १९८५. विकणारा म्हणतो ते साल आणि हे साल जुळतं का, ते पाहा. डोक्याजवळ घंटेच्या आकाराचं छोटं झाकण असतं. खऱ्या गिब्सनला त्यावर दोन स्क्रू असतात. नकलेवर अनेकदा तीन दिसतात. नंबरही नकली टाकता येतो, म्हणून सगळ्या खुणा एकत्र जुळायला हव्यात. नवी लाखांच्या घरातली वस्तू कुणी पंधरा हजारांत देत असेल, तर तिथंच थांबावं.

हातात घेऊन बघा

धुळ्याची गिटार जळगावहून बघायला जाणं म्हणजे एसटीचा दोन-अडीच तासांचा प्रवास. तेवढे कष्ट घ्याच. क्लासचे सर बरोबर आले तर उत्तम.

१. दांडी डोक्याकडून एका डोळ्यानं पाहा. बाक किंवा पीळ दिसता कामा नये.

२. तारांखालच्या धातूच्या पट्ट्यांवर खोल चरे पडले असतील तर त्या बदलण्याचा खर्च मोठा असतो.

३. पट्ट्यांची टोकं बोटाला टोचतात का, तेही बघा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं आणि टोकं बाहेर येतात. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली गिटार हमखास अशी होते.

४. अॅम्प्लिफायरला जोडून प्रत्येक बटण फिरवा. खरखर आली तर बहुधा साफसफाईनं भागतं. आवाज मधेच बंद पडत असेल तर दुरुस्ती काढावी लागेल.

५. बाराव्या पट्टीवर दाबलेली तार मोकळ्या तारेचाच वरचा सूर देते का, ते सरांना विचारा.

किंमत कशी ठरवावी?

त्याच मॉडेलची नवी गिटार आज केवढ्याला मिळते, ते आधी लिहून काढा. निम्म्यापासून बोलणी सुरू करावी. नव्या तारा, दुरुस्ती आणि अॅम्प्लिफायर वेगळा घ्यावा लागणार असेल तर त्याचा खर्च मांडा. मूळ बिल आणि पेटी असेल तर थोडं जास्त द्यायला हरकत नाही.

पैसे देताना

‘मी लष्करात आहे, बदली झाली, आधी पैसे पाठवा, पार्सल येईल,’ असं सांगून फसवण्याचे प्रकार खूप झाले आहेत. वस्तू हातात येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये. पैसे *मिळण्यासाठी* कधीच यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, हे मुलांनाही शिकवा. तरीही फसगत झालीच, तर संकोच न करता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आणि हो, जाताना मुलाला बरोबर न्याच. शिक्का कसा पाहायचा, भाव कसा करायचा आणि मनात भरलेली वस्तूही कधी नाकारायची, हे त्याला तिथं उभं राहूनच कळेल.