मोठा टीव्ही घेताना : प्लाझ्मा की एलसीडी?

आज ना बचतीचा विषय आहे, ना बँकेच्या कर्जाचा. आज टीव्हीचा विषय आहे. हसू नका. हल्ली गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचे अर्ज येतात, त्यात शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी यांच्या जोडीला टीव्हीसुद्धा असतो. मागे एका गटात असाच अर्ज आला आणि अख्खी बैठक त्यावरच अडली.

अर्ज होता बारा हजारांचा. टीव्ही ५० इंची, पण वापरलेला. तालुक्याच्या गावी एक जण शहरातल्या हॉटेलांतून आणि ऑफिसांतून निघालेले टीव्ही आणून विकतो. तो म्हणाला होता, "ताई, हा प्लाझ्मा आहे. असा पिक्चर नव्या टीव्हीलाही येत नाही." मालक सिनेमावेडे, पोरगा गेमवेडा, दोघांनाही तोच हवा. तेवढ्याच पैशात दुकानात नवा कोरा एलईडी मिळत होता, पण ३२ इंची. बैठकीत एक जण म्हणाली, "टीव्हीला कसलं आलंय कर्ज?" मला हे बोलणं आवडत नाही. जी बाई दर महिन्याला वेळेवर बचत भरते आणि हप्ता चुकवत नाही, तिनं कर्ज कशाला घ्यावं हे तिनं ठरवावं. गटानं एवढंच बघावं की वस्तू टिकेल का आणि कर्ज फिटायच्या आत बंद तर पडणार नाही ना. आणि ते बघायचं तर प्लाझ्मा म्हणजे काय, एलसीडी म्हणजे काय, हे आधी कळायला हवं.

प्लाझ्माचा पडदा म्हणजे दोन काचा आणि त्यांच्या मध्ये लाखो बारीक कप्पे, मधाच्या पोळ्यासारखे. कप्प्यांत निऑन आणि झेनॉन हे वायू भरलेले असतात. वीज सोडली की त्या वायूतून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात. ते कप्प्याच्या आतल्या लेपावर पडले की लेप चमकतो. कुठल्या कप्प्यात लाल लेप, कुठल्यात हिरवा, कुठल्यात निळा. आपल्या घरातली जुनी लांब ट्यूब अशीच चालते, फक्त तिच्यात पाऱ्याची वाफ असते आणि आतून पांढरा लेप. म्हणजे प्लाझ्मा टीव्ही हा लाखो इवल्या ट्यूबलाइटींचा पडदा समजा. हा शोध काही सिनेमा बघायला लागला नव्हता. १९६४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी तो लावला, तो विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरवर शिकवायला चांगला पडदा हवा होता म्हणून.

एलसीडीचं उलट आहे. तिच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. मागे दिवा लावलेला असतो आणि पुढे लाखो बारीक झडपा. झडप उघडली की उजेड येतो, मिटली की अडतो, आणि प्रत्येक झडपेपुढे लाल, हिरवी किंवा निळी जाळी असते. ही झडप लोखंडाची नाही, ती द्रवरूप स्फटिकाची. हा पदार्थ पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे कण खडीसाखरेच्या खड्यातल्यासारखे शिस्तीत राहतात. विजेचा दाब बदलला की कण वळतात. १८८८ मध्ये ऑस्ट्रियाच्या फ्रीडरिश रायनित्सर नावाच्या वनस्पती अभ्यासकाला हा प्रकार पहिल्यांदा दिसला, तोही गाजरापासून काढलेल्या एका पदार्थाचा अभ्यास करताना! गाजराचा हलवा सोडून टीव्हीचंही मूळ गाजरात निघालं, याची मला अजून गंमत वाटते.

आता तुम्ही म्हणाल, दुकानात तर एलसीडी कोणी म्हणतच नाही, सगळे एलईडी म्हणतात. तर एलईडी ही वेगळी जात नाही. पूर्वी एलसीडीच्या मागे बारीक ट्यूब लावायचे, आता एलईडीचे छोटे दिवे लावतात, एवढाच फरक. पुढच्या झडपा त्याच. ओएलईडी म्हणून एक आहे, तो मात्र खरोखर वेगळा, त्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. पण त्याची किंमत ऐकली की आपण दुकानातून चहा न घेताच बाहेर पडू, म्हणून तो राहू द्या.

सिनेमाचं बघू. विकणारा खोटं बोलत नव्हता. रात्रीचा सीन असेल तर प्लाझ्माचा कप्पा जवळजवळ विझतो, म्हणून काळा रंग खरंच काळा दिसतो. एलसीडीचा दिवा मागे चालूच असतो आणि झडपेच्या फटीतून थोडा उजेड पाझरतो, म्हणून अंधार राखाडी दिसतो. प्लाझ्मा बाजूला बसूनही तसाच दिसतो. एलसीडीत कडेला बसलेल्या माणसाला रंग फिके दिसतात, कुठल्यात कमी, कुठल्यात जास्त. पळापळीच्या सीनमध्ये प्लाझ्मा स्वच्छ. एलसीडीच्या झडपेला वळायला थोडा वेळ लागतो, म्हणून वेगानं जाणारी वस्तू पुसल्यासारखी होते. नव्या टीव्हीत हे बरंच सुधारलंय, पण पूर्ण गेलेलं नाही.

पण बायांनो, काळा रंग बघायला खोलीही काळोखी लागते. आपल्याकडे टीव्ही कधी बघतात? दुपारी, दार उघडं, ओसरीवरून ऊन आत आलेलं. किंवा संध्याकाळी, दिवा लावलेला, एकीकडे भाकरी चाललीय, पोरं अभ्यासाला बसलीत. प्लाझ्माच्या पुढच्या काचेत समोरचं दार आणि वरचा बल्ब आरशासारखा दिसतो, आणि त्याचा उजेड एलसीडीपेक्षा मंद. सिनेमाघरासारखा अंधार करून बघणाऱ्याला प्लाझ्माचा जो गुण मिळतो, तो आपल्या घरात बहुतेक वाया जातो. एलसीडीचा उजेड जास्त, म्हणून भर दुपारीही चित्र दिसतं.

आता गेम. पोरं घरी असतात तोवर हा मुद्दा सिनेमापेक्षा मोठा. वेगवान खेळात प्लाझ्मा चांगला, हे पोराचं म्हणणं बरोबर. पण त्याचा मोठा दोष आहे डाग पडण्याचा. भिंतीवर वर्षानुवर्षं एकाच जागी कॅलेंडर टांगलं आणि मग काढलं, तर तेवढा चौकोन वेगळा दिसतो ना? तसंच. प्लाझ्माच्या कप्प्यातला लेप जितका जळतो तितका झिजतो. एकाच जागी तेच चित्र तासन् तास राहिलं तर तिथला लेप बाकीच्यापेक्षा जास्त झिजतो आणि त्या आकाराची सावली कायमची उमटते. गेममध्ये एका कोपऱ्यात स्कोअर, दुसऱ्या कोपऱ्यात नकाशा, तासभर हलत नाहीत. आणि हॉटेलातल्या टीव्हीवर काय चालू असतं? बातम्या. खाली पट्टी, कोपऱ्यात चॅनेलचं चिन्ह, सकाळपासून रात्रीपर्यंत. म्हणजे डाग असण्याची शक्यता सगळ्यात जास्त कुठे, तर हॉटेलातून आलेल्या प्लाझ्मावर.

गटानं ठराव केला तो असा : कर्ज मंजूर, पण आधी दोघींनी सोबत जाऊन टीव्ही तपासायचा. तपासणी सोपी आहे. मोबाइलमध्ये कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो काढायचा, पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीवर लावायचा. सगळा पडदा पांढरा झाला की डाग लपत नाही. त्यांनी तसंच केलं, आणि खाली बातम्यांच्या पट्टीची पिवळट सावली या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसली. विकणारा म्हणाला, "पिक्चर लागला की दिसत नाही." त्या तिथूनच परत फिरल्या. पोरगा दोन दिवस रुसला.

त्याच्या समाधानासाठी सांगते, एलसीडीवर गेम नीट चालतो, फक्त एक गोष्ट बघायची. बटण दाबलं आणि पडद्यावर बॅट फिरली, यात किंचित उशीर होतो. नवा टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी आत बरीच खटपट करतो, त्यात तो वेळ जातो. सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो लावला की ही खटपट बंद होते आणि उशीर कमी होतो. मोबाइलवरचा गेम वायफायनं टीव्हीवर घेतला तर उशीर वाढतो, वायर लावली तर कमी. आणि बाजारात मिळणारा जुना गेम, ज्याला पिवळी-पांढरी-लाल पिन असते, तो लावायचा असेल तर नव्या टीव्हीच्या मागे ती भोकं आहेत का हे आधी विचारा. कित्येक टीव्हींना आता फक्त एचडीएमआय असतं.

विजेचा हिशेब मी त्या बैठकीत फळ्यावर मांडला होता, इथे तोंडी सांगते. ५० इंची प्लाझ्मा सरासरी २०० वॅट खातो असं धरा. चित्र उजळ असेल तर जास्त, अंधारं असेल तर कमी. रोज ५ तास म्हणजे १००० वॅट-तास, म्हणजे १ युनिट. महिन्याला ३०. ३२ इंची एलईडी ५० वॅट धरला तर महिन्याला साडेसात. आता महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो आणि पुढच्या युनिटांचा बराच जास्त. तुमचं घर टीव्हीशिवाय ८५ युनिटांवर असेल, तर एलईडीनं ते साडेब्याण्णव होतं. प्लाझ्मानं ११५, म्हणजे वरची १५ युनिटं महाग दरानं. शिवाय प्लाझ्मा तापतो. पत्र्याच्या घरात एप्रिल-मे मध्ये आणखी एक शेगडी कशाला? इन्व्हर्टर असेल तर बॅटरीही तितकीच लवकर उतरते.

आणि दुरुस्ती. पॅनासॉनिक, सॅमसंग, एलजी या मोठ्या कंपन्यांनी २०१४ संपेपर्यंत प्लाझ्मा बनवणं थांबवलं. त्यामुळे आज बाजारात दिसणारा प्लाझ्मा दहा वर्षांपेक्षा जुना असणार, कोणी काहीही सांगो. सुटा भाग लागला तर तो दुसऱ्या मेलेल्या टीव्हीतूनच काढावा लागतो. गॅरंटी नाही. वजन एवढं की दोन माणसं लागतात, आणि मातीच्या भिंतीवर टांगायचा तर विचारूच नका. कर्ज फेडायला वर्ष, आणि वस्तू उद्या बंद पडली तरी हप्ता तुमच्याच नावावर. ज्यांच्या घरी चांगला चालणारा प्लाझ्मा आधीपासून आहे त्यांनी तो खुशाल वापरावा, रात्री दिवा मालवून सिनेमा बघावा. पण आज कर्ज काढून प्लाझ्मा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नवा घेताना शिवणाची टेप सोबत न्या. टीव्हीचे इंच तिरके मोजतात, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात. ३२ इंची टीव्ही प्रत्यक्षात साधारण २८ इंच रुंद आणि १६ इंच उंच भरतो. कोनाड्यात किंवा कपाटावर बसवायचा असेल तर हे आधी मोजलेलं बरं. चार-सहा फुटांवरून बघणार असाल तर ३२ पुरतो, खोली मोठी असेल तर ४३ चा विचार करा. दुकानात टीव्ही मुद्दाम भडक करून ठेवतात, त्याला भुलू नका. रंग साधे करायला सांगा आणि समोरून बघून झाल्यावर कडेला उभं राहून बघा, कारण घरी जेवण वाढताना तुम्ही कडेलाच असणार. स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते लिहिलेलं असतं, ते दोन टीव्हींचं ताडून बघा. पडदा फुटला तर तो गॅरंटीत बसत नाही आणि नवा पडदा जवळपास टीव्हीच्याच किमतीचा असतो. म्हणून लहान लेकरू असेल तर टीव्ही उंचावर लावा. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवा.

पक्कं बिल घ्या आणि ते ज्या बाईनं कर्ज घेतलंय तिच्याच नावाचं करून घ्या. गॅरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथेच मारून घ्या, "नंतर देतो" चालणार नाही. दुकानदार दाद देईनासा झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि जुना टीव्ही भंगारवाल्याला देताना एक लक्षात ठेवा. ट्यूबवाल्या जुन्या एलसीडीच्या दिव्यांत थोडा पारा असतो. तांब्याच्या वायरीसाठी पोरांना तो अंगणात फोडू देऊ नका. आहे तसा, अख्खाच द्या.