आजारी बालक, बालवाडी आणि आपली जयणा

सकाळची घाईची वेळ असते. दुकानाच्या किल्ल्या घेऊन घरातील कर्ता पुरुष उंबऱ्याशी उभा असतो, सूनबाई डबा भरत असतात आणि अडीच वर्षांचे बाळ आईच्या पदराला नाक पुसत कुरकुरत असते. अंग किंचित कोमट लागते. ताप आहे असे म्हणवत नाही आणि नाही म्हणावे तर मन मानत नाही. बाहेर रिक्षाचा भोंगा वाजतो. आज पाठवावे की घरी ठेवावे, हा निर्णय तेवढ्या दोन मिनिटांत घ्यावा लागतो. लहान मूल असलेल्या प्रत्येक घरात वर्षातून कितीतरी वेळा ही सकाळ येते.

हा प्रश्न वरवर आईबापांच्या सोयीचा वाटतो. परंतु त्यात दुसऱ्यांची मुले, शिक्षिका, मदतनीस आणि त्यांची घरेही गुंतलेली असतात. हे मला उशिरा उमगले, म्हणून आमच्या घरातील एक प्रसंग वाचकांपुढे मांडते.

आमच्याकडून झालेली चूक

आम्ही डहाणूचे. पर्युषणाच्या आधीचा आठवडा होता, पावसाची झड लागली होती. मुलगा मालाच्या खरेदीसाठी मुंबईला गेलेला, सूनबाईंना दुकानाचे हिशेब त्याच दिवशी पूर्ण करायचे होते. नातवाला रात्री ताप आला होता. सकाळी मीच म्हणाले, "तापाचे औषध पाजा आणि पाठवा. दुपारपर्यंत निभावेल." मला त्या दिवशी व्याख्यानाला जायचे होते, हेही येथे लपवत नाही. औषधाने अंग थंड झाले, मूल हसू लागले आणि आम्ही त्याला पाठवले. रात्रीच्या तापाविषयी शिक्षिकेला काहीच सांगितले नाही.

अकराच्या सुमारास दूरध्वनी आला. औषधाचा अंमल उतरला होता आणि ताप पुन्हा चढला होता. मी घ्यायला गेले तेव्हा शिक्षिका त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि बाकीची सगळी मुले एकटी मदतनीस सांभाळत होती. तिची स्वतःची दीड वर्षांची मुलगी तेथेच चटईवर निजली होती.

चार दिवसांनी ती मदतनीस कामावर आली नाही. तिच्या मुलीला ताप आणि खोकला होता, धाप लागली म्हणून सरकारी दवाखान्यात ठेवावे लागले. तो आजार आमच्याच घरून गेला असे कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. पावसाळ्यात असे आजार सगळीकडेच असतात. पण आमच्या हाती जे होते ते आम्ही केले नव्हते, एवढे मला पुरते ठाऊक होते.

मुलगी बरी होऊन घरी आल्यावर मी तिला भेटायला गेले. तिचे घर कोसबाडच्या बाजूच्या पाड्यावर. मी झाल्या गोष्टीविषयी बोलू लागले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बाय, तुमच्या घरात पोराला सांभाळायला माणूस आहे. माझ्याकडे मी एकटीच." तिच्या बोलण्यात राग नव्हता. परतताना कोसबाडची टेकडी समोर होती आणि तिच्या त्या दोन वाक्यांचा अर्थ मला तेथेच लागत गेला.

कोसबाडने आधीच ओळखलेली अडचण

पद्मभूषण ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी पद्मश्री अनुताई वाघ यांची नावे आपल्या भागात कोणाला अपरिचित नाहीत. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाईंनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. 1957 मध्ये ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर आले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी उभी राहिली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे हा शब्द आज देशभर गावोगावी पोहोचला आहे.

त्या बालवाडीत अक्षरओळखीच्या आधी मुलाचे शरीर पाहिले जाई. अंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, नाक-डोळे पुसणे हा शिक्षणाचाच भाग होता. रोज इतक्या जवळून मुलाला पाहणाऱ्या बाईच्या नजरेतून खरूज, आलेले डोळे किंवा मलूल चेहरा सुटणे कठीण.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आदिवासी पाड्यांवरील मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत, याचे एक कारण असे होते की आईबाप मजुरीला गेल्यावर धाकट्या भावंडाला त्यांनाच सांभाळावे लागे. म्हणून कोसबाडला विकासवाडीच्या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आली. धाकटे पाळणाघरात राहिले की थोरली वर्गात बसू शकते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही याच दृष्टीतून निघाली.

म्हणजे "घरी ठेवा" हे दोन शब्द प्रत्येक घरात सारखे नसतात. आमच्या घरी त्याचा अर्थ एवढाच की आजीचे व्याख्यान चुकेल, किंवा दुकानाचे हिशेब एक दिवस पुढे जातील. पाड्यावर त्याचा अर्थ एका दिवसाची मजुरी, थोरल्या मुलीची शाळा आणि लहानग्याचा अंगणवाडीतील आहार, असा होऊ शकतो. नुसती सर्दी झालेले तेथील मूल अंगणवाडीत आले तर ते योग्यच आहे, कारण जेवण, देखरेख आणि गरज पडल्यास आरोग्य केंद्राचा रस्ता त्याला तेथूनच मिळतो. लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पुढील उपचारांसाठी पाठवणी या अंगणवाडीच्या नेमून दिलेल्या सेवाच आहेत. ज्यांच्या घरी सांभाळायला माणूस आहे, त्यांनी मात्र आपल्या मुलाचा आजार दुसऱ्याच्या अंगणात नेऊ नये. सोय ज्याची अधिक, जबाबदारीही त्याची अधिक.

सकाळी विचारायचे तीन प्रश्न

प्रत्येक शिंकेला मूल घरी ठेवावे असा याचा अर्थ नाही. बालवाडीत जाऊ लागलेल्या मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणे स्वाभाविक समजले जाते. प्रत्येक वेळी घरी ठेवले तर मूल कधी रुळणारच नाही. शिवाय सर्दीचा संसर्ग बहुधा लक्षणे दिसण्याच्या आधीच सुरू झालेला असतो, त्यामुळे केवळ नाक वाहते म्हणून घरी ठेवून फारसे साधत नाही. शेंबूड पिवळा वा हिरवा झाला की प्रतिजैविक औषध हवेच, हाही गैरसमज आहे.

निर्णयासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला, आज हे मूल खेळू शकेल का? खाणे, पिणे, हसणे नेहमीसारखे असेल तर थोडी सर्दी आड येत नाही. दुसरा, इतर मुलांकडे दुर्लक्ष न करता शिक्षिका याच्याकडे पाहू शकतील का? सतत कडेवर घ्यावे लागणारे मूल इतर मुलांच्या वाट्याचा वेळ घेते. तिसरा, याच्यापासून दुसऱ्याला अपाय होईल असे काही आहे का? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तरच पाठवावे.

तिसऱ्या प्रश्नासाठी काही गोष्टी घरात लिहून ठेवाव्यात:

- ताप: 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असल्यास घरीच ठेवावे. औषधाशिवाय पूर्ण 24 तास ताप आला नाही, तर पाठवावे.
- जुलाब, उलट्या: थांबल्यापासून 48 तास घरी. उकळून थंड केलेल्या पाण्यात जलसंजीवनी पाकिटावरील सूचनेप्रमाणे करावी आणि 24 तासांनंतर उरलेली टाकून द्यावी. पाणी उकळून पिण्याची आपली परंपरा येथे सहज उपयोगी पडते.
- गोवर: पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस घरी.
- कांजिण्या: सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत घरी.
- आलेले डोळे, पू असलेले फोड, खरूज: डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सल्ल्यानंतरच पाठवावे.

काही लक्षणांत बालवाडीचा विचारच करू नये, मुलाला थेट डॉक्टरांकडे न्यावे. मूल काहीच पीत नाही, सगळे उलटून टाकते, झटके येतात, अतिशय सुस्त पडले आहे किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते, ही ती लक्षणे होत. मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला 40 किंवा अधिक असतील तर ते धोक्याचे समजावे. ही मोजणी घरातील प्रत्येक आजीला आणि काकूला यावी.

आणखी एक गोष्ट नम्रपणे सुचवते. चौविहाराचा नियम असलेल्या घरांत आजारी बाळाला रात्री पाणी वा औषध देताना मन कचरते. एवढ्या लहान बाळाला कोणतेही व्रत नसते आणि मोठ्यांच्या पच्चक्खाणातही आगार सांगितलेले आहेत. जुलाब होणाऱ्या मुलाला रात्री पाणी न मिळणे जिवावर बेतू शकते.

लपवलेला ताप आणि खोटे माप

आम्ही व्यापारी. अस्तेय व्रताच्या अतिचारांत खोटे तराजू आणि खोटी मापे यांचा समावेश आहे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. मालातील दोष झाकून तो गिऱ्हाइकाच्या पदरी घालणे आपण कमीपणाचे मानतो. मग औषध पाजून ताप झाकायचा आणि "बाळ अगदी बरे आहे" असे भासवून ते शिक्षिकेच्या हाती द्यायचे, याला काय म्हणावे? ताप उतरवणाऱ्या औषधाचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. आजार तेथेच असतो, दिसेनासा होतो इतकेच. त्या सकाळी मी जे केले ते मापातले पापच होते, असे मला आज वाटते.

यावरचा उपाय साधा आहे, आणि तो म्हणजे खरे सांगणे. "रात्री ताप होता, पहाटे औषध दिले आहे, आज घरी ठेवतो," किंवा "फक्त सर्दी आहे, खेळतो आहे, काही वाटले तर लगेच कळवा, आम्ही अर्ध्या तासात येतो." एवढ्या दोन वाक्यांनी शिक्षिका सावध होतात आणि दुसऱ्या मुलांच्या आयाही आपल्याशी खरे बोलू लागतात.

आपल्या साधु-साध्वींच्या मुखावरील वा हातातील मुहपत्ती आपण रोज पाहतो. आपल्या उच्छ्वासाने सूक्ष्म जीवांनाही पीडा होऊ नये, ही त्यामागील जयणा. आपल्या नातवाच्या खोकल्याने चटईवर निजलेल्या लेकराला पीडा होऊ नये, ही गृहस्थाच्या अंगणातील जयणा मानायला काय हरकत आहे?

घरात आणि समाजात काय करता येईल

आजारी दिवसाची व्यवस्था आजार येण्याआधी ठरवलेली असावी. त्या दिवशी घरी कोण थांबणार, हे सूनबाईंवरच का पडावे? आजोबा, काका, स्वतः वडील यांनी पाळी लावून घ्यावी. दुकान दोन तास उशिरा उघडले तर गिऱ्हाईक तुटत नाही. आमच्या घरी आता भिंतीवरील दिनदर्शिकेत दर आठवड्याचे नाव लिहिलेले असते आणि त्यात मुलाचेही नाव आहे.

आपल्यापैकी अनेकांची दुकाने, गोदामे, कारखाने आहेत. तेथे काम करणाऱ्या स्त्रीचे मूल आजारी पडले तर तिला त्या दिवसाची पगारी रजा द्यावी. आपल्या समाजातील संस्था बालवाड्या चालवतात, तेथील मदतनिसांनाही ही रजा मिळावी. नाहीतर "आजारी मुलाला घरी ठेवा" हा नियम तिच्यासाठी फक्त भिंतीवरच्या पाटीपुरता राहील.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपल्याकडे श्रेष्ठ मानली आहेत. एक चांगली बालवाडी यांतील चारही देऊ शकते. कोसबाडच्या टेकडीवर दोन स्त्रियांनी ज्यांच्या घरी यांतील फारसे काही पोहोचले नव्हते, त्या मुलांसाठी आपले आयुष्य वेचले. आपल्याला तेवढे करायचे नाही. सकाळी दोन मिनिटे थांबून बाळाचे कपाळ पाहायचे, खरे सांगायचे आणि लागलाच तर एक दिवस आपला द्यायचा.

त्या मदतनिसाची मुलगी आता माझ्या नातवाच्या शेजारी बसून मातीची भांडी रचते. गेल्या महिन्यात तिला सर्दी झाली तेव्हा तिच्या आईने आत येताच शिक्षिकेला सांगितले, "हिला फक्त सर्दी आहे, ताप नाही." आम्ही सांगितले नव्हते, ते तिने न विचारता सांगितले.

जय जिनेंद्र.