पटाशीला धार: मशीनवर की हातानं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. लाकूडकाम नव्यानं शिकणारे बरेच जण विचारतात, पटाशी आणि रंध्याच्या पात्याला धार लावायला मशीन घ्यावं की दगडावर हातानंच घासावं?

रीलमध्ये ग्राइंडरच्या ठिणग्या भारी दिसतात. पण खरा धोका ठिणग्यांचा नाही, उष्णतेचा आहे.

आधी पोलाद समजून घेऊ. पटाशीचं पोलाद लालभडक तापवून झटकन थंड करतात. मग साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा बेतानं तापवतात. यालाच आपल्याकडे ‘पाणी देणं’ म्हणतात. धार टिकते ती या पाण्यामुळे. नंतर पातं कधी याहून बरंच जास्त तापलं, तर ते मऊ पडतं. ३०० अंशांच्या सुमारास पोलाद निळं दिसायला लागतं. टोक निळं झालं की समजायचं, पाणी उतरलं. मग कितीही घासा, धार दोन फटक्यांत जाते. तो निळा भाग झिजवून काढणं एवढाच उपाय उरतो.

आता हिशेब बघा. साधा बेंच ग्राइंडर मिनिटाला जवळपास २,८०० फेरे मारतो. चाक १५० मिलिमीटरचं असेल, तर त्याच्या कडेचा वेग होतो ताशी साधारण ८० किलोमीटर! पात्याचं टोक पातळ, उष्णतेला पसरायला जागाच नाही. जरा जोर दिला की काही सेकंदांत काम तमाम.

यावर तोडगा म्हणजे पाण्यातून फिरणारं संथ चाक. स्वीडनच्या टॉर्मेक कंपनीच्या मोठ्या मशीनचं २५० मिलिमीटरचं चाक मिनिटाला फक्त ९० फेरे घेतं. कडेचा वेग ताशी ४ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या चालण्याइतका. पातं जळत नाही. पण किंमत साध्या ग्राइंडरच्या कितीतरी पट.

मग हातानं? दगडावर पातं तापत नाही, वीज लागत नाही. आधी १००० नंबरचा दगड. घासत राहा, पाठीमागच्या बाजूला बोटाला बारीक खरखरीत किनार लागेपर्यंत. ती लागली म्हणजे तुम्ही धारेच्या टोकापर्यंत पोचलात. मग ६००० नंबरचा दगड, आणि शेवटी चामड्याचा पट्टा, न्हावी वस्तऱ्यासाठी वापरायचे तसा. पटाशीची पाठ मात्र टोकाजवळ एकदम सपाट हवी. ती नसेल तर पुढून केलेली मेहनत वाया.

पण पटाशी खिळ्यावर बसली आणि टोकाचा टवका उडाला, तर? बारीक दगडावर हात दुखून येतील. इथे मशीन हवंच.

म्हणून भांडण मशीन विरुद्ध हात असं नाहीच. मशीन आकार देतं, हात धार देतो. चाकावर २५ अंशांचा उतार काढा, मग दगडावर ३० अंशांत फक्त टोक घासा. पुढच्या अनेक वेळा दगडच पुरतो.

ग्राइंडर वापरणार असाल तर हे पाळाच:

- चष्मा घाला. हातमोजे नकोत, चाकात ओढले जातात.
- हत्यार टेकवायची पट्टी चाकापासून ३ मिलिमीटरपेक्षा लांब नको.
- बोट टोकाजवळ ठेवा. चटका जाणवायच्या आत पातं पाण्यात बुडवा.
- अगदी टोकापर्यंत घासू नका. शेवटचा केसभर भाग दगडासाठी ठेवा.

बजेट कमी असेल तर आधी एक चांगला दोन बाजूंचा दगड घ्या, मशीन नंतर. धार लागली का हे बघायला मऊ लाकडाचा आडवा कापलेला शेवट तासा. चकचकीत कापला गेला तर जमलं, भुगा झाला तर परत दगडाकडे.

पुढच्या भागात करवतीच्या दातांबद्दल. तोवर हत्यारं पाजळून ठेवा!