फक्त मंगळवारी

१६ वर्षांच्या बिलीला आई सांगते, मी आता पुरुष म्हणून जगणार आहे, माझं नाव जेम्स. वर्षभर तू बाबांकडे राहा; दर मंगळवारी दुपारी ४ ते रात्री १० आपण भेटू. सोफी हाइड या दिग्दर्शिकेच्या '५२ ट्यूजडेज' या ऑस्ट्रेलियन सिनेमाची गोष्ट ही. आणि चित्रीकरण? ॲडलेडमध्ये, सलग ५२ आठवडे, तेही फक्त मंगळवारी!

त्यात काय एवढं? एरवी सिनेमे कसे बनतात ते आठवा. बाजारात एका दुकानातलं सगळं सामान एकदम घ्यावं, तसे घरातले प्रसंग एका दमात उरकतात. मग ते कथेच्या आरंभीचे असोत की शेवटचे. मध्ये सहा महिने गेले? लावा विग. आणि कलाकाराला शेवट आधीच ठाऊक असतो.

इथे ती सोयच नाही. नवख्या कलाकारांना पटकथा आठवड्याआठवड्याने मिळायची, आणि तीसुद्धा फक्त स्वतःच्या प्रसंगांपुरती. पुढच्या मंगळवारी काय वाढून ठेवलंय, हे बिलीला माहीत नाही आणि तिची भूमिका करणाऱ्या टिल्डा कॉबम-हर्वीलाही नाही! जेम्स झालेल्या डेल हर्बर्ट-जेन यांना तर लिंगभावाविषयी सल्ला द्यायला बोलावलं होतं. पुढे भूमिकाच त्यांच्याकडे आली.

आता शरीराकडे या. जेम्ससारखं टेस्टोस्टेरॉन घेतलं की स्वरतंतू जाड होतात, आवाज फुटतो, दाढी येऊ लागते. ओळखीचं वाटतंय ना? आठवी-नववीतल्या मुलाचं हेच तर होतं, आणि संप्रेरकही तेच. म्हणजे दोघंही एकाच वर्षी वयात येताहेत, लेक पहिल्यांदा आणि जेम्स दुसऱ्यांदा! मग कोणी कोणाला समजावायचं? त्यातच जेम्सच्या शरीराला औषध सोसत नाही, ते थांबवावं लागतं. इकडे बिली दोन मित्रमैत्रिणींबरोबर कॅमेऱ्यात भलतंच काही टिपत बसलेली, घरी पत्ता नाही. आपण बदल शोधतो जेम्समध्ये, आणि तो दिसत राहतो बिलीच्या चेहऱ्यावर. पालकाला समजून घेण्यापुरतंच मूल कथेत ठेवायचं, ही सोपी वाट हाइडने टाळली, हे मला फार आवडतं.

२०१४च्या सनडान्स चित्रपट महोत्सवात हाइडला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. गंमत म्हणजे १२ वर्षं चित्रित होत राहिलेला 'बॉयहुड' त्याच महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात '५२ ट्यूजडेज'ला क्रिस्टल बेअर हे पारितोषिक मिळालं. ते देणारे परीक्षक होते साधारण बिलीच्याच वयाची मुलंमुली.