खानदेशांतील फडपद्धति व पाण्याची वांटणी

आपल्या इतिहासांत किल्ले, तह व मोहिमा यांचीं वर्णनें विपुल आहेत. परंतु ज्या पाण्यावर राज्याचा वसूल पिकत होता त्या पाण्याची वांटणी कोणत्या नियमानें होत असे, याचा विचार त्या मानानें फार थोडा झाला आहे. सारा जमिनीवर बसतो, पण तो पिकतो पाण्यावर. हें लक्षांत घेऊन खानदेश व बागलाण या प्रदेशांतील फडपद्धतीचें स्वरूप प्रस्तुत लेखांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें प्रतिपाद्य इतकेंच कीं, बंधारा हा केवळ चुनादगडाचा नसतो. तो मुख्यतः नियमाचा असतो, व नियम सुटला म्हणजे बांध शाबूत असूनहि पाणी सर्वांच्या शेतांत पोंचत नाहीं.

प्रथम भूमीचा विचार करूं. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून निघून तापीस मिळणाऱ्या नद्यांत गिरणा व पांझरा या प्रमुख होत. आरम व मोसम या गिरणेस, आणि कान ही पांझरेस मिळते. डोंगरांत पाऊस पुष्कळ. पूर्वेस मैदानाकडे येऊं लागतांच तो झपाट्यानें घटतो. म्हणजे पाणी पडतें एकीकडे व तहान लागते दुसरीकडे. या नद्यांना उतार चांगला असून पात्रांत जागोजाग खडक उघडा पडला आहे. या खडकाचा आधार घेऊन पूर्वजांनीं पात्रांत ठेंगणे पक्के बंधारे घातले. हे बंधारे पाणी सांठविण्यासाठीं नव्हते. वाहत्या पाण्याची पातळी हात-दोन हात चढवून तें कांठच्या पाटांत वळवावें व पूर आला असतां तो माथ्यावरून जाऊं द्यावा, एवढेंच त्यांचें काम. शेतांत मुरलेलें पाणी पाझरून पुन्हां नदींत येई व खालच्या बंधाऱ्यास उपयोगी पडे. अशा रीतीनें एकाच नदीवर बंधाऱ्यांची मालिका उभी राहिली.

हे बंधारे मुसलमानी अमदानींत झाले अशी खानदेशांत परंपरा आहे. फारुकी घराण्याची सत्ता तेथें १३८२ पासून १६०१ पर्यंत होती, व ही पद्धति तीन-चारशें वर्षांची जुनी समजली जाते. तेव्हां परंपरा अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं. तथापि बंधारा एकदां बांधून संपणारी वस्तु नव्हे. तो पुरांत फुटतो व पुन्हां बांधावा लागतो. राज्यें बदललीं, तरी हे बंधारे पिढ्यान्‌पिढ्या चालते राहिले, याचें श्रेय मूळ बांधणाऱ्याइतकेंच, किंबहुना अधिक, ते राखणाऱ्या गांवांस दिलें पाहिजे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. एका बंधाऱ्याच्या पाण्याखालीं येणाऱ्या सर्व क्षेत्रास थळ म्हणतात. या थळाचे सामान्यतः चार भाग पाडीत. त्या प्रत्येकाचें नांव फड. एका फडांत एका वर्षीं एकच पीक घ्यावयाचें, हा या पद्धतीचा पाया होय. एका फडांत ऊस असला तर दुसऱ्यांत गहूं-हरभऱ्यासारखें रब्बीचें पीक, तिसऱ्यांत पावसाळी ज्वारी किंवा बाजरी, अशी योजना असे, व पुढील वर्षीं हा क्रम फिरे. पीक एकच असल्यामुळें पाण्याची गरज सर्व फडास एकाच वेळीं लागे. उसाचें पाणी शेजारच्या हरभऱ्यांत शिरून तो कुजण्याचें भय नसे. राखणहि एकत्र होई. शिवाय ऊस त्याच जमिनींत वर्षानुवर्षें राहत नसल्यानें जमीन चिबड होण्यास आळा बसे.

परंतु या योजनेचें मर्म याहून खोल आहे. सामान्यतः प्रत्येक खातेदाराची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडांत असे. समजा, एकाची चार बिघे जमीन चार फडांत एकेक बिघा अशी विभागली आहे. पाणी अपुरें दिसल्यास एक फड भिजवावयाचा नाहीं असें ठरे. त्या फडांत सर्वांचीच जमीन असल्यामुळें तोटा सर्वांचाच, व तो जमिनीच्या प्रमाणांत होई. पाटाच्या तोंडाशीं असलेल्यानें मनमुराद पाणी घ्यावें व शेपटाकडच्यानें कोरड्या चारीकडे पाहत बसावें, ही जगांतील सर्व कालव्यांची जुनी तक्रार. तिचें निवारण येथें उपदेशानें केलेलें नाहीं. जमिनीच्या मांडणींतच तें करून ठेविलें आहे.

मांडणीच्या जोडीस चोख व्यवस्था होती. पाणी सोडण्याचें काम पाटकऱ्याचें, देखरेख हवालदाराची आणि उभ्या पिकाची राखण जागल्याची. खातेदारानें आपल्या हातानें बारें फोडून पाणी घ्यावयाचें नाहीं, असा दंडक असे. नोकरांचा मोबदला धान्यरूपानें मिळे. पीक बुडालें तर त्यांचेंहि बुडे, म्हणून त्यांचा जीव कामांत असे. पाटांतील गाळ काढणें व बंधाऱ्याची डागडुजी यांसाठीं प्रत्येकानें जमिनीच्या मानानें श्रम वा पैसा द्यावा, आणि तंटा पडल्यास पंचांनीं तोडावा, अशी वहिवाट होती. साक्री तालुक्यांतील सामोडें व धुळें तालुक्यांतील न्याहळोद हीं गांवें या पद्धतीसाठीं प्रसिद्ध आहेत.

इंग्रजी अमलांत मोठ्या कालव्यांचें युग आलें. मुंबई इलाख्याचा पाटबंधाऱ्याचा कायदा १८७९ चा. या व्यवस्थेंत शेतकऱ्याचा संबंध शेजाऱ्याशीं न राहतां सरकारी खात्याशीं जडला: ज्यानें त्यानें अर्ज करावा, पाणीपट्टी भरावी व पाणी घ्यावें. यांतून पिकें विखुरलीं, पाण्याची नासाडी वाढली व उसाखालच्या जमिनी जागोजाग क्षारपड झाल्या. त्यावर उपाय म्हणून मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं गटपद्धति सुचविली. क्षेत्राचे ठराविक गट पाडावे, त्यांतील कांहीं भागांतच ऊस असावा व बाकीच्यांत कमी पाण्याचीं पिकें फिरतीं असावीं, हें तिचें सूत्र. विश्वेश्वरय्या १८८४ त नोकरींत शिरल्यावर त्यांच्या पहिल्या कामांपैकीं एक पांझरेच्या पाटावर दातर्तीपाशीं नळ टाकण्याचें होतें, हें येथें नमूद करण्याजोगें आहे. अर्थात् साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. शिवाय दोहोंत एक मोठा भेद आहे: गट सरकारी खातें ठरवी, फड शेतकरी ठरवीत.

स्वातंत्र्यानंतर नद्यांच्या वरच्या अंगास धरणें झालीं, विहिरींवर विजेचे पंप बसले, व प्रत्येकास आपल्या शेतांत आपल्या मर्जीचें पीक घेणें शक्य झालें. यांत लाभ झाला नाहीं असें नाहीं. परंतु फडाचा आधार जो परस्परावलंब, तोच ढिला पडला, व पुष्कळ ठिकाणीं पद्धति नांवापुरती उरली.

देशाची उन्नति धरणांच्या संख्येवर मोजण्याची प्रवृत्ति स्वाभाविक आहे. अवर्षणाच्या प्रदेशांत सांठा हवाच, यांत संशय नाहीं. पण सांठलेलें पाणी शेपटाच्या शेतापर्यंत नेणें हें बांधकामाचें काम नव्हे, तें सहकार्याचें आहे. महाराष्ट्रानें २००५ मध्यें कायदा करून सिंचनाचें व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे देण्याचा मार्ग स्वीकारला. हा मार्ग या भूमीस नवा नाहीं. पांझरेच्या कांठीं तो पूर्वींच मळला होता. टंचाई सर्वांत सारखी वांटली जाते तेथेंच सुबत्तेचा वांटाहि सर्वांस मिळतो, हा त्या कांठचा अनुभव नव्या संस्थांनीं आपल्या नियमांत उतरविला, तर जुन्या पाटकऱ्यांचे श्रम वायां गेले नाहींत असें म्हणतां येईल.