घरपट्टी कायले भराची?

कौंडण्यपूरला रुक्मिणीमातेचं दर्शन झालं की वर्धेच्या काठी चहा होतो, आणि चहासोबत हे वाक्य कुणीतरी टाकतंच: "सरकार पैसा देते ना बाप्पा, मंग घरपट्टी कायले भराची?" विषय असतो आजूबाजूच्या कुठल्यातरी गावच्या जळालेल्या मोटरीचा, नाहीतर पंचायतीतल्या म्हाताऱ्या संगणकाचा.

पैसा येतो, हे खरं. 15व्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 साठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपयांची शिफारस केली. महाराष्ट्रात त्यातला 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींचा. आकडा सगळ्यांना पाठ असतो, अटी कुणी वाचत नाही. 60 टक्के रक्कम बंधित: अर्धी पाण्याला, अर्धी स्वच्छतेला. उरलेली 40 टक्के अबंधित, पण पगार आणि आस्थापनेला तीही चालत नाही. वाटप मुख्यतः लोकसंख्येवर, तीही 2011च्या जनगणनेची. कार्तिकात कौंडण्यपूरला येणारे यात्रेकरू त्यात नाहीत. त्या दिवसांत नळ, दिवे आणि नाल्यांवर भार मात्र त्यांचाच.

खरी गोम पुढे आहे. विहिरीवरची मोटर कधीतरी जळणार, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. तो तजवीज ठेवतो. पंचायतीचा हिशेब जमा-खर्चाचा, रोखीचा. मोटर घेतली त्या वर्षी खर्च पडला, विषय संपला. ती दरवर्षी किती झिजली, म्हणजे घसारा, तो कुठे दिसतच नाही. मग दहा वर्षांनी सगळे एकमेकांकडे बघतात. जलजीवन मिशनमध्येही नळयोजना उभी राहते, पुढची देखभाल गावाच्या गळ्यात.

हा देखभालीचा खर्च भागवायचा ग्रामनिधीतून, म्हणजे गावाच्या स्वतःच्या तिजोरीतून. 1958च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 124 उघडून बघा: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, अगदी यात्रेकरूंवर आणि जत्रांवर कर लावायचाही अधिकार आहे. गावात नवा कर लावायला कोणता सरपंच धजेल, हा भाग वेगळा! अडलं तर कलम 133च्या जिल्हा ग्रामविकास निधीतून कर्ज मिळतं. पण कर्ज फेडायचं कशातून? पुन्हा त्याच पट्टीतून.

आता किरकोळ गैरसमज. "खासदार निधीतून दुरुस्ती करून घेऊ": तो निधी मुख्यतः टिकाऊ मालमत्ता उभारायला आहे, रोजची देखभाल करायला नाही. "एलईडी दिवे कंपनीने फुकट लावले": 2015पासून ईईएसएल या सरकारी कंपनीने अनेक नगरपालिकांत आधी स्वतःचा पैसा घातला आणि तो विजेच्या बचतीतून हप्त्याहप्त्याने वसूल केला. "सरपंच एकट्याने चेक फाडतो": वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराजवरून थेट पुरवठादाराच्या खात्यात जातो, सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सहीने.

हे सगळं सांगेस्तोवर चहा गार झाला. समोरचा म्हणाला, "बरं, पावती ऑनलाइन भेटते काय?"